'गेट'चा अर्थ लागतो कसा

इंग्रजी शिकणाऱ्याला छळणारे शब्द लांबलचक नसतात. लांब शब्दाचा अर्थ एकदा कोशात पाहिला की बहुतेक वेळा विषय संपतो. खरा छळ मांडतात ती तीन-तीन अक्षरांची चिमुकली क्रियापदं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 सालच्या 20 खंडी आवृत्तीत 'सेट' या एकट्या क्रियापदाचे 430 च्या आसपास अर्थ दिले होते. पुढे संपादकांनी 'रन' नव्याने लिहायला घेतला, तेव्हा क्रियापद म्हणून त्याचे 645 अर्थ निघाले. 'गेट' या शर्यतीत पहिला नाही. पण बोलण्यात पावलोपावली आडवा येतो तो हाच, आणि दर वेळी वेगळं सोंग घेऊन.

अर्थांची यादी पाठ करण्याचा मार्ग मी स्वतः धरून पाहिला आहे. वहीची चार पानं भरली, चाचणीत गुणही बरे मिळाले. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी फोनवर 'आय विल गेट बॅक टु यू' म्हटलं आणि मला वाटलं, हा माणूस आता परत माझ्याकडे यायला निघाला. त्याला फक्त 'नंतर कळवतो' एवढंच म्हणायचं होतं.

एक खुलासा आधीच करतो. देवनागरीत 'गेट' लिहिलं की डोळ्यांसमोर फाटक उभं राहतं. फाटकवाल्या शब्दातला 'ए' लांब असतो, जवळजवळ 'गेइट' असा. आपल्या क्रियापदातला 'ए' आखूड, उच्चारताच संपणारा. मराठीत ऱ्हस्व 'ए'ला वेगळं अक्षर नाही म्हणून दोन्ही सारखेच लिहावे लागतात. या लेखात फाटक कुठेही नाही.

पायरी 1: आधी 'लागणे' आठवा

भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, आग लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, नाद लागतो. पाणी खारट लागतं, दार लागतं, प्रवासात कुणाला गाडी लागते. वर 'जावं लागतं' आणि 'रडू लागतो' आहेतच. मराठी नव्याने शिकणाऱ्याला हे समजावून सांगायला बसलात तर पाचव्या मिनिटाला तुम्हीच घामाघूम व्हाल. पण आपण स्वतः यातलं काहीही पाठ केलेलं नाही. मुळात 'लागणे' म्हणजे चिकटणे, स्पर्श होणे. संस्कृतातल्या 'लग्' धातूचा तोच अर्थ. एवढा गाभा मनात असतो आणि बाकीचं शेजारचे शब्द सांगतात. 'रडू लागला' म्हटलं की सुरुवात, 'रडावं लागलं' म्हटलं की सक्ती. क्रियापद तेच, आधीच्या शब्दाचं फक्त शेपूट बदललं.

'गेट'चं काम नेमकं असंच चालतं. फरक एकच आहे आणि गोची तिथेच होते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे 'लागली' कानावर पडेपर्यंत भूक की नोकरी हे आपल्याला कळून चुकलेलं असतं. इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि त्याला अर्थ देणारे शब्द मागून येतात. 'आय गॉट' एवढं ऐकलं की आपलं मराठी मन घाईने 'मला मिळालं' असं ठरवून मोकळं होतं, आणि पुढचं वाक्य त्या साच्यात कोंबायचा प्रयत्न करतं. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: 'गेट' दिसला की त्याचा अर्थ करायचा नाही. तो रिकामा डबा समजून पुढे सरकायचं आणि लगेच पुढे काय आलंय ते बघायचं. नाम, विशेषण, जागा, क्रियापदाचं तिसरं रूप, 'टु'. एवढ्यावर बहुतेक निकाल लागतो.

पायरी 2: गाभा पकडा

'गेट' हा मुळात इंग्रजांचा शब्दच नव्हे. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातले व्हायकिंग इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन स्थायिक झाले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतला 'गेटा' इंग्रजीत शिरला. 'दे', 'टेक', 'एग', 'स्काय' हे शब्दही त्याच वाटेने आले. जुन्या इंग्रजीत याच कुळातलं एक क्रियापद होतं, पण त्यातला 'ग' मऊ होऊन 'य'च्या जवळ गेलेला होता. आजच्या 'गेट'मधला ठणठणीत 'ग' ही नॉर्सची देणगी.

'गेटा'चा अर्थ हाती लागणे, पकडीत येणे. 'फॉरगेट' म्हणजे विसरणे, त्यातही हाच 'गेट' आहे: जे पकडलं होतं ते निसटलं. आजचे सगळे अर्थ या एका चित्रातून फुटलेले दिसतात. वस्तू हाती आली तर मिळाली. एखादी अवस्था आली तर तसे झालो. ठिकाण हाती आलं तर पोचलो. बोलण्याचा मुद्दा हाती आला तर समजला. सगळीकडे आधी नव्हतं ते आता आहे, आणि बऱ्याचदा त्यासाठी थोडी खटपट झाली आहे. ही खटपटीची छटा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पायरी 3: पुढे नाम आलं तर

इथे मिळणे, मिळवणे, आणणे, घेणे यांच्यापैकी काहीतरी असतं. 'आय गॉट अ लेटर' म्हणजे मला पत्र मिळालं. 'व्हेअर डिड यू गेट दॅट शर्ट?' म्हणजे तो शर्ट कुठून घेतलास? नामं दोन आली, आधी माणूस आणि मग वस्तू, तर आणून देणे: 'गेट मी सम वॉटर', मला जरा पाणी आणून दे.

कुठलं नाम आहे त्यावर मराठी क्रियापद ठरू द्या, आपण आधीपासून ठरवू नका. 'गेट अ कोल्ड' असेल तर सर्दी होते, 'गेट द बस' असेल तर बस पकडतात. फोन वाजत असताना 'कॅन यू गेट दॅट?' म्हटलं तर फोन उचल, दारावरची बेल वाजत असताना तेच म्हटलं तर दार उघड. 'गेट द जोक' म्हणजे विनोद कळणे, आणि 'आय डोन्ट गेट इट' म्हणजे डोक्यात नाही शिरलं. 'आय गॉट इट' तर प्रसंग पाहूनच सांगता येतं: सापडलं, समजलं, किंवा 'राहू दे, मी बघतो'.

मराठीत मिळणाऱ्याला 'मला' लागतं आणि वस्तू कर्ता होते. इंग्रजीत मिळणारा स्वतःच कर्ता होऊन बसतो. म्हणून भाषांतर करताना 'मी'चा 'मला' करायची सवय लावा, नाहीतर 'मी एक पत्र प्राप्त केले' असली सरकारी मराठी तयार होते.

पायरी 4: पुढे विशेषण आलं तर

आता अर्थ होणे, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाणे. 'गेट टायर्ड', 'गेट अँग्री', 'गेट वेट', 'गेट ओल्ड'. मराठीत यासाठी पुष्कळदा एकच क्रियापद तयार असतं: दमणे, चिडणे, भिजणे. 'इट्स गेटिंग डार्क' याला तर 'अंधारून येतंय' इतका सुंदर शब्द आहे. 'अंधार होत आहे' कशाला लिहायचं?

'बी' आणि 'गेट' यांतला फरक इथे पक्का करून घ्या. 'आय ॲम टायर्ड' म्हणजे दमलो आहे, ही आत्ताची अवस्था. 'आय गॉट टायर्ड' म्हणजे दमलो, ही घडलेली गोष्ट. लग्नाचंही तसंच. 'शी इज मॅरिड' म्हणजे तिचं लग्न झालेलं आहे. 'शी इज गेटिंग मॅरिड' म्हणजे तिचं लग्न व्हायचंय, ठरलंय. आणि लग्न कुणाशी झालं हे सांगायला तिथे 'विथ' नाही, 'टु' येतो. मराठीतला 'शी' आपल्याला 'विथ'कडे ढकलत राहतो.

सगळ्यात मजेदार चूक याच पायरीवर होते. 'होणे' म्हणजे 'गेट' हे एकदा डोक्यात बसलं की माणूस 'ही गॉट अ डॉक्टर' असं बोलून जातो. त्याला म्हणायचं असतं 'तो डॉक्टर झाला'. ऐकणाऱ्याला कळतं 'त्याला डॉक्टर मिळाला', कारण पुढे नाम आहे आणि नाम आलं की मिळणे. 'डॉक्टर होणे' साठी 'बिकम'च हवा.

विशेषण आलं म्हणून 'गेट' चालेलच असंही नाही. टक्कल पडणे, वेड लागणे, दूध नासणे अशा बिघाडांना इंग्रजी 'गो' वापरते: 'गो बॉल्ड', 'गो मॅड', 'गो बॅड'. हे कानाने शिकायचं, नियमाने सुटत नाही. 'गेट लॉस्ट'चे दोन अर्थ मात्र माहीत असू द्या. 'वी गॉट लॉस्ट' म्हणजे आम्ही वाट चुकलो. नुसतं 'गेट लॉस्ट!' म्हणजे चालता हो.

पायरी 5: पुढे जागा किंवा दिशा आली तर

मग पोचणे, जाणे, येणे. 'व्हेन डिड यू गेट हिअर?', कधी आलास? 'आय गॉट होम ॲट नाइन', मी नऊला घरी पोचलो. 'होम', 'हिअर', 'देअर' यांच्याआधी 'टु' लागत नाही, बाकीच्या ठिकाणांना लागतो: 'गेट टु द स्टेशन'. उलट 'रीच'ला 'टु' कधीच लागत नाही. आपण नेमकी उलटापालट करतो आणि 'रीच्ड टु होम' म्हणतो.

'गो' म्हणजे जाणे आणि 'गेट' म्हणजे जाऊन पोचणे. म्हणून रस्ता विचारताना 'हाउ डू आय गेट टु द स्टेशन?' हेच स्वाभाविक वाटतं. तुम्हाला पोचण्यात रस आहे, जाण्यात नव्हे. वाहनांचं गणित असं: ज्यात उभं राहता येतं, चालता येतं त्या बस, ट्रेन, विमानाला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. ज्यात वाकून शिरावं लागतं त्या मोटारीला 'गेट इन' आणि 'गेट आउट'.

मध्ये एखादी वस्तू आली की ती हलवायची असते, आणि इथे खटपटीची छटा उघड दिसते. 'वी कुडन्ट गेट द सोफा थ्रू द डोअर': सोफा काही केल्या दारातून आत जाईना. मूळ इंग्रजीत 'काही केल्या' कुठेच नाही, पण तो 'गेट'च्या पोटात आहे.

पायरी 6: पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर

'ही गॉट कॉट', 'शी गॉट सिलेक्टेड', 'माय फोन गॉट स्टोलन'. हा कर्मणी प्रयोग झाला. पकडला गेला, निवडली गेली, चोरीला गेला. शाळेत कर्मणी म्हटलं की 'बी' शिकवतात आणि बोलताना लोक 'गेट' वापरतात. त्यामुळे पुस्तकी इंग्रजी उत्तम असलेला माणूसही संभाषणात चाचपडतो.

दोन्हींत फरक आहे. 'द विंडो वॉज ब्रोकन' याचे दोन अर्थ होतात: खिडकी फुटलेली होती, किंवा कुणीतरी फोडली. 'द विंडो गॉट ब्रोकन' म्हटलं की संशय राहत नाही, फुटली ती त्या वेळीच. शिवाय ज्याच्यावर गोष्ट बेतली त्याची थोडी हळहळ, क्वचित त्याच्याच गाढवपणाकडे बोट, अशी छटा 'गेट'मध्ये असते. माहीत असणे, आवडणे अशा नुसत्या स्थितीदर्शक क्रियापदांबरोबर हा प्रयोग जमत नाही, कारण तिथे काही घडतच नाही.

'-इंग'वालं रूप पुढे आलं तर सुरुवात करणे. ते मोजक्याच जोड्यांत येतं: 'लेट्स गेट गोइंग', चला, निघू या.

पायरी 7: मध्ये कुणीतरी आलं तर

या पायरीवर घाई करू नका. मराठी माणूस सगळ्यात जास्त इथेच अडखळतो, आणि अडखळलेलं त्याला कळतही नाही.

मी एकदा सहज सांगितलं, 'आय कट माय हेअर यस्टरडे'. समोरच्या बाईंनी डोळे विस्फारले आणि मनापासून कौतुक केलं की स्वतःचे केस स्वतः इतके छान कापता येणं सोपं नाही. मराठीत 'काल केस कापले' म्हटलं की कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे सगळ्यांना आपोआप कळतं. इंग्रजीला ते कळत नाही. तिथे कर्ता 'मी' म्हणजे कात्रीही माझ्याच हातात. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर 'आय गॉट माय हेअर कट'. साचा लक्षात घ्या: 'गेट', मग वस्तू, मग तिसरं रूप. मराठीत याला तंतोतंत जोड आहे, 'करून घेणे'. गाडी दुरुस्त करून घेतली, डोळे तपासून घेतले, घर रंगवून घेतलं. यातलं प्रत्येक वाक्य इंग्रजीत बोलताना क्षणभर थांबा आणि विचारा, हे मी केलं की करून घेतलं? घर, गाडी, दात, कपडे, कागदपत्रं या विषयांवरची आपली निम्मी वाक्यं या चाळणीतून बदलून बाहेर पडतील.

याच साच्यात नको असलेली गोष्टही बसते. 'आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर' म्हणजे बोट दारात सापडलं. हे कुणी मुद्दाम करून घेत नाही, पण साचा तोच. अर्थ शहाणपणाने लावायचा.

वस्तूऐवजी माणूस आला आणि त्याच्यापुढे 'टु'सकट क्रियापद आलं, तर करायला लावणे. 'आय गॉट हिम टु साइन', मी त्याच्याकडून सही मिळवली. हाच मजकूर 'मेक' आणि 'हॅव' वापरूनही सांगता येतो, पण सूर पालटतो. 'आय मेड हिम साइन' म्हणजे भाग पाडलं, त्याची इच्छा असो-नसो. 'आय हॅड हिम साइन' म्हणजे सांगितलं आणि त्याने केली, ते त्याचं कामच होतं. 'आय गॉट हिम टु साइन' म्हणजे मनधरणी केली, गळ घातली, थोडं गोड बोललो आणि तो राजी झाला. मराठीत तिन्हींना 'सही करायला लावली' म्हणून चालवून घेतो आपण. इंग्रजीत मात्र 'मेक' आणि 'हॅव' यांच्यानंतर 'टु' येत नाही, 'गेट'नंतर आलाच पाहिजे. 'टु' गाळला की वाक्य लंगडतं.

माणसाच्या जागी यंत्र आलं तरी मनधरणी तशीच असते. 'आय कान्ट गेट द प्रिंटर टु वर्क'. सगळं करून पाहिलं, हा बाबा काही चालायचं नाव घेत नाही.

पायरी 8: 'टु' आणि क्रियापद थेट पुढे आलं तर

'आय गॉट टु मीट हर'. आता मध्ये कुणी नाही. याचा अर्थ संधी मिळणे, आणि मराठीत याची हुबेहूब रचना आहे: मला तिला भेटायला मिळालं. 'द चिल्ड्रन गेट टु स्टे अप लेट टुनाइट', मुलांना आज उशिरापर्यंत जागायला मिळणार. अशा वाक्यात आनंद दडलेला असतो. 'नो', 'लाइक' अशी क्रियापदं आली तर संधीऐवजी हळूहळू होत जाणं येतं. 'ॲज यू गेट टु नो हिम' म्हणजे त्याची जसजशी ओळख होत जाईल तसतशी.

आता सापळा. 'आय हॅव गॉट टु गो' याचा अर्थ जायला मिळालं असा नाही, मला गेलंच पाहिजे असा आहे. एका बाजूला संधी, दुसऱ्या बाजूला सक्ती, आणि दोन्हींत 'गॉट टु'. बोलताना 'हॅव'चा नुसता 'व्ह' उरतो, कधी तोही गळतो आणि कानावर 'आय गॉटा गो' एवढंच पडतं. ओळखायचं कसं? एक तर उच्चारावरून. शब्द एकमेकांत विरघळून 'गॉटा' झाले असतील तर सक्ती. दुसरं काळावरून. संधीचा 'गॉट' भूतकाळी असतो, झालेली गोष्ट सांगतो. सक्तीचा 'गॉट' आत्ताचं किंवा पुढचं बोलतो. 'आय गॉटा गो नाऊ' आणि 'आय गॉट टु गो लास्ट इयर' ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा.

'हॅव गॉट' दिसायला पूर्ण भूतकाळी आणि अर्थाने चक्क वर्तमान. 'आय हॅव गॉट अ सिस्टर', मला एक बहीण आहे. हे विचित्र वाटतं, पण गाभ्याचं चित्र आठवा: हाती आलेलं आहे, म्हणजे आता जवळ आहे. अमेरिकन बोलीत 'गॉटन' हे वेगळं रूप टिकून आहे आणि तिथे फरक स्वच्छ दिसतो. 'आय हॅव गॉट अ टिकिट' म्हणजे माझ्याकडे तिकीट आहे, 'आय हॅव गॉटन अ टिकिट' म्हणजे मी तिकीट मिळवलं. ब्रिटिश लोक सहसा दोन्हींना 'गॉट'च म्हणतात. पण 'फॉरगॉटन' त्यांच्याही तोंडी आहे, तेव्हा हे जुनं रूप त्यांच्याकडून अगदीच हरवलेलं नाही.

पायरी 9: 'ओव्हर', 'बाय', 'अवे' वगैरे मंडळी

'गेट'ला ही शेपटं जोडून तयार होणारे शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांच्या याद्याही पुष्कळ मिळतात. माझं मत, यादी नको. आधी शब्दशः हालचाल डोळ्यांसमोर आणा, मग तिचं लाक्षणिक रूप शोधा, आणि शेवटी त्याला मराठी वाक्प्रचार शोधून चिकटवा. वाक्प्रचार चपखल बसला की शब्द पुन्हा विसरत नाही.

'गेट ओव्हर' म्हणजे कुंपण ओलांडून पलीकडे जाणे. त्यावरून आजारातून, दुःखातून सावरणे. 'गेट थ्रू' म्हणजे आरपार जाणे, मग परीक्षेतून किंवा कठीण दिवसांतून पार पडणे. 'गेट बाय' म्हणजे कडेकडेने निघून जाणे, मग कसंबसं भागवणे. 'गेट अवे' म्हणजे निसटणे, आणि त्याला 'विथ' जोडला की 'ही गॉट अवे विथ इट': केलं आणि पचवलं. हा 'पचवलं' सापडला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

'गेट डाउन टु वर्क' म्हणजे कामाला लागणे. 'आय नेव्हर गॉट अराउंड टु इट' म्हणजे त्याला मुहूर्तच लागला नाही. 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट?' म्हणजे तुझा रोख कशावर आहे? 'गेट बॅक टु समवन' हे कळवणे, पण 'टु'च्या जागी 'ॲट' आला तर उट्टं काढणे. एका चिमुकल्या शब्दाने सौजन्याचा सूड होतो, ईमेल लिहिताना जपा.

पायरी 10: लिहिताना कुठे टाळायचा

अर्ज, अहवाल, शोधनिबंध अशा औपचारिक लिखाणात 'गेट' सैल वाटतो. तिथे पत्र 'रिसीव्ह' होतं, परवानगी 'ऑब्टेन' होते, परिस्थिती 'बिकम' होते आणि माणसं 'अराइव्ह' होतात. पण हा नियम बोलण्यात आणू नका. मित्राला 'आय ऑब्टेन्ड अ कॉफी' म्हणणारा माणूस इंग्रजी येत असूनही न येणाऱ्यासारखा वाटतो. वाचताना मात्र ही अदलाबदल चांगली कसोटी आहे. 'गेट'च्या जागी 'रिसीव्ह', 'बिकम', 'अराइव्ह', 'बी' आणि 'पर्स्वेड' हे पाच शब्द एकेक करून घालून बघायचे. जो बसेल तो अर्थ. एकही बसला नाही तर 'अंडरस्टँड' घालून बघा, नाहीतर बहुधा पायरी 9 वरचं काहीतरी असतं.

पायरी 11: एक उतारा सोडवा

हा उतारा मी सरावासाठी मुद्दाम रचला आहे. आधी स्वतः प्रयत्न करा.

'आय गॉट अप लेट. बाय द टाइम आय गॉट ड्रेस्ड, इट हॅड गॉट हॉट, अँड आय डिडन्ट गेट अ सीट ऑन द ट्रेन. व्हेन आय गॉट टु द ऑफिस, माय बॉस वॉज गेटिंग इम्पेशंट. शी हॅड गॉट समवन टु फिनिश माय रिपोर्ट, सो आय नेव्हर गॉट टु प्रेझेंट इट. आय गेट व्हाय शी डिड इट. स्टिल, इट गॉट टु मी.'

'गॉट अप' म्हणजे उठलो, पुढे दिशा आहे. 'ड्रेस्ड' हे तिसरं रूप, पण इथे कुणी मला कपडे चढवले नाहीत, मीच आवरलं. ही जोडी विशेषणासारखीच वागते. 'हॉट' विशेषण, म्हणून उकडायला लागलं होतं. 'सीट' नाम, म्हणून जागा मिळाली नाही. 'गेटिंग इम्पेशंट' पुन्हा विशेषण, बाईंचा धीर सुटत चालला होता. 'गॉट समवन टु फिनिश' मध्ये माणूस आहे आणि 'टु' आहे, म्हणून कुणाकडून तरी पूर्ण करून घेतला. 'गेट व्हाय' म्हणजे का ते कळतं.

उरले तीन 'गॉट टु', आणि तिन्ही वेगळे. पहिल्याच्या पुढे ऑफिस, म्हणजे ठिकाण: पोचलो. दुसऱ्याच्या पुढे 'प्रेझेंट' हे क्रियापद: मांडायला मिळाला नाही. तिसऱ्याच्या पुढे 'मी', म्हणजे माणूस. ठिकाणाच्या जागी माणूस बसला की गोष्ट त्याच्यापर्यंत, आतपर्यंत पोचते. सगळं मिळून असं:

उठायला उशीर झाला. आवरेपर्यंत उकडायला लागलं होतं, आणि ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली नाही. ऑफिसात पोचलो तेव्हा बाईंचा धीर सुटत चालला होता. माझा रिपोर्ट त्यांनी दुसऱ्याकडून पूर्ण करून घेतला होता, त्यामुळे तो मला मांडायलाच मिळाला नाही. त्यांनी असं का केलं ते कळतं मला. तरी ते मनाला लागलंच.